फोरहँड फ्रेमला का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२, उजव्या हाताचा टेनिस खेळाडू, कोल्हापुरात सकाळी हार्ड कोर्टवर डबल्स आणि थोडं सिंगल्स. वर्षभरापूर्वी व्हिडिओ बघून टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी) वाढवायचा ठरवला आणि तेव्हापासून फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) बिघडला. दहातले तीन-चार चेंडू फ्रेमला नाहीतर रॅकेटच्या जाळीच्या कडेला लागतात, रॅकेट हातातल्या हातात फिरते, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. दोन हातांचा बॅकहँड (दुसऱ्या बाजूचा फटका) मात्र बरा लागतो. रॅकेट बदलू, गटिंग (जाळीच्या तारा) बदलू की ग्रिप?

तुमच्या प्रश्नातली दोन वाक्यं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात: बॅकहँड बरा लागतो, आणि बिघाड टॉपस्पिनच्या नादात सुरू झाला. रॅकेट तीच, गटिंग तेच, चेंडू तेच, डोळेही तेच. तरी एका बाजूचा फटका मधोमध लागतो आणि दुसऱ्या बाजूचा कडेला जातो. म्हणजे दोष सामानात नाही. दोन हातांच्या बॅकहँडला हात लांबवायला जागाच नसते. चेंडूपर्यंत पोचायचं तर पायांनीच जावं लागतं. फोरहँडला एक हात मोकळा असतो, त्यामुळे पाय कमी पडले की हात आपोआप पुढे जातो किंवा पोटाशी आखडतो. पायांची चूक हात झाकू बघतो आणि चेंडू कडेला लागतो. त्यामुळे दुकानात जायचं तूर्त थांबवा.

आधी चेंडू नेमका कुठे लागतोय ते शोधा. ‘मिसहिट होतोय’ एवढ्यावर कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही. वरच्या कडेला लागणं, खालच्या कडेला लागणं, टोकाकडे लागणं आणि मुठीकडे लागणं ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. शोधायचा सोपा मार्ग म्हणजे फळ्यावरच्या खडूची पूड. जुने, टाकायला काढलेले पाच-सहा चेंडू किंचित ओले करा, पुडीत घोळवा आणि मार्करला (सरावाला चेंडू देणाऱ्याला) सावकाश, एकाच जागी टाकायला सांगा. प्रत्येक फटक्यानंतर जाळीवरचा पांढरा ठसा बघायचा, बोटानं पुसायचा आणि पुढचा मारायचा. (आपल्याकडे घरात गुलाल असतोच, पण तो वापरू नका. कोर्टवरचा डाग निघत नाही.) गट (जाळीच्या तारा) पांढरे असतील तर रंगीत खडू घ्या. वीसेक चेंडूंत चित्र स्पष्ट होतं, कारण ठसे सगळीकडे विखुरलेले क्वचितच दिसतात. ते बहुतेक एकाच बाजूला गर्दी करतात.

पूड नसेल तर रॅकेट स्वतःच सांगते. फोरहँड मारताना रॅकेट साधारण आडवी असते. चेंडू मधल्या आडव्या रेषेच्या वर लागला तर वरची कड मागे ढकलली जाते, जाळीचं तोंड आभाळाकडे उघडतं आणि चेंडू उंच उडतो. रेषेच्या खाली लागला तर खालची कड मागे जाते, तोंड जमिनीकडे मिटतं आणि चेंडू नेटमध्ये जातो. टोकाकडे लागला तर रॅकेट फारशी फिरत नाही, पण मनगटाला झिणझिण्या येतात आणि चेंडूत जीव राहत नाही. मुठीकडे, म्हणजे गळ्याजवळ लागलेला चेंडू फसवा असतो. तिथे रॅकेट चेंडूला जास्त भारी पडते, त्यामुळे फटका बरा गेल्यासारखा वाटतो आणि खेळाडूला आपण चेंडूच्या फार जवळ उभे आहोत हे कळतच नाही.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपण ‘स्वीट स्पॉट’, म्हणजे चेंडू सगळ्यात छान लागतो ती जागा, एकच आहे असं बोलतो, पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी दाखवलं की असे तीन बिंदू असतात: जिथे लागल्यावर फ्रेमची थरथर सर्वांत कमी होते तो, जिथे लागल्यावर मुठीला धक्का सर्वांत कमी बसतो तो, आणि जिथून चेंडू सर्वांत जोरात परततो तो. पहिले दोन जाळीच्या मध्याच्या आसपास असतात, तिसरा गळ्याच्या बाजूला. तिन्ही बिंदू रॅकेटच्या लांबीच्या मधल्या अक्षावर आहेत. त्यामुळे चेंडू त्या अक्षावर थोडा टोकाकडे किंवा मुठीकडे सरकला तर रॅकेट बऱ्यापैकी सांभाळून घेते. अक्ष सोडून कडेकडे गेला की मात्र रॅकेट फिरते. तुमची रॅकेट हातात फिरते याचाच अर्थ तुमची चूक कडेकडची आहे, टोकाकडची नाही.

मोठ्या तोंडाची रॅकेट याच दुखण्यातून जन्माला आली. हॉवर्ड हेड हे स्की बनवणारे अभियंते. उतारवयात टेनिस शिकायला लागले आणि त्यांची रॅकेट कडेच्या फटक्याला हातात फिरायची. फिरण्याला होणारा विरोध हा वजन अक्षापासून किती दूर आहे त्याच्या वर्गावर अवलंबून असतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी रॅकेटचं तोंड रुंद केलं. १९७६ साली त्याचं पेटंट मिळालं आणि प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंचांची रॅकेट बाजारात आली. तेव्हाच्या लाकडी रॅकेटी ६५ ते ७० चौरस इंचांच्या असायच्या. पीट सॅम्प्रस ८५ चौरस इंचांवर खेळला आणि फेडरर कितीतरी वर्षं ९० वर. फेडररचेही चेंडू फ्रेमला लागायचे आणि २०१४ मध्ये तो मोठ्या तोंडाच्या रॅकेटकडे वळला. तुमची रॅकेट ९८ किंवा १०० ची असेल तर तुमच्या हातात आधीच सॅम्प्रसपेक्षा जास्त माफी देणारं हत्यार आहे. अगदीच ९५ च्या खाली असेल तर बदलायला माझी हरकत नाही.

आता टॉपस्पिनबद्दल. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

हौशी खेळाडूच्या रॅकेटचं टोक फटक्याच्या वेळी सेकंदाला २० मीटर वेगानं जातं असं धरू. टायमिंगमध्ये एका सेकंदाचा शंभरावा भाग एवढी चूक झाली, तर तेवढ्या वेळात रॅकेट २० सेंटीमीटर पुढे निघून गेलेली असते. तुम्ही जवळजवळ सपाट मारत असाल, म्हणजे रॅकेट जमिनीशी १० अंशांचा चढ घेत असेल, तर त्या २० सेंटीमीटरमध्ये ती फक्त साडेतीन सेंटीमीटर वर जाते. चेंडू मध्यापासून साडेतीन सेंटीमीटर सरकला तर तुम्हाला कळेलसुद्धा, पण चेंडू कोर्टात पडेल. तीच रॅकेट ३० अंशांनी वर ओढली, तर तेवढ्याच चुकीत ती १० सेंटीमीटर वर जाते. जाळीची रुंदी २४ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे मध्यापासून कड १२ सेंटीमीटरवर. चेंडूची त्रिज्या सव्वातीन सेंटीमीटरच्या थोडी वर. ती वजा केली की उरतात जेमतेम साडेआठ-नऊ. दहा सेंटीमीटरची चूक थेट फ्रेमवर जाते. तुमचं टायमिंग वर्षभरात बिघडलेलं नाही, ते होतं तेवढंच आहे. तुम्ही अशी चाल निवडलीत की जिला त्या टायमिंगची चूक परवडत नाही.

त्यात व्हिडिओत दिसतो तो काचेवरच्या वायपरसारखा फटका बघून लोक जाळीचं तोंड जमिनीकडे मिटवून वर ओढतात. तोंड मिटलं की चेंडूला दिसणारी जाळी आणखी अरुंद होते. चांगल्या खेळाडूंच्या फटक्यात तो वायपर चेंडू सुटल्यानंतर दिसतो. चेंडू जाळीवर असतो ४-५ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात जाळीचं तोंड जवळपास उभंच असतं. नंतरचं मनगट फिरणं हा परिणाम आहे. त्याची नक्कल फटक्याच्या आधीच केली तर रॅकेट चेंडूच्या वर निघून जाते आणि चेंडू खालच्या कडेला लागतो. तुमचे ठसे खालच्या बाजूला सापडतील असा माझा अंदाज आहे. सापडले तर उपाय एकच: चढ कमी करा. रॅकेट चेंडूच्या उंचीपासून वीतभर खालून सुरू करा, गुडघ्याखालून नको. चेंडूतून पुढे जा आणि मग वर जा. टॉपस्पिन थोडा कमी मिळेल, पण चेंडू लांब जातोय असं वाटलं तर नेटवरून मीटरभर उंच मारायची सवय लावा. नेट मध्यावर ०.९१४ मीटर असतं, आणि आपल्या पातळीवर नेटच्या टेपला घासून जाणाऱ्या फटक्यांची काहीच गरज नसते.

ठसे वरच्या कडेला सापडले तर कारण वेगळं. चेंडू तुमच्या अंदाजापेक्षा जास्त उसळला किंवा रॅकेट वर यायला उशीर झाला. हे बहुतेक उशिराचं लक्षण असतं: चेंडू टप्पा पडून वर चढतोय आणि तुम्ही अजून रॅकेट मागे नेताय. टोकाकडे ठसे म्हणजे तुम्ही चेंडूपासून दूर उभे राहून हात लांबवताय. गळ्याकडे म्हणजे चेंडूत घुसताय, कोपर बरगडीला चिकटतंय.

या तिन्हींचं मूळ अंतर आणि वेळ यांच्या अंदाजात आहे आणि तो अंदाज पाय घेतात. कोल्हापुरात शिकवताना एक गोष्ट सारखी दिसते. आपल्याकडे अंगमेहनतीची सवय आहे, तालमीत घाम गाळलेली मंडळी टेनिसला येतात, दंड भक्कम असतात. त्यामुळे चेंडू कडेला लागला की पहिली प्रतिक्रिया ‘मूठ आवळ’ अशी असते. पुढच्या चेंडूला मूठ आवळली जाते, मनगट ताठ होतं, खांदा वर चढतो आणि फटका आणखी वाकडा जातो. चेंडू ४-५ मिलिसेकंदांत निघून जातो, तेवढ्यात हाताला काही दुरुस्त करायला वेळच नसतो. आवळलेल्या मुठीनं चेंडूची दिशा सुधारत नाही. उलट रॅकेटचा पीळ थेट कोपरापर्यंत पोचतो. मूठ एवढी सैल हवी की शेजारी उभ्या माणसानं रॅकेट ओढली तर ती थोडी सरकावी. फटक्याच्या क्षणी ती आपोआप जेवढी घट्ट होते तेवढी पुरते.

पायांचं काम कुठे सुरू होतं? समोरचा मारतो त्या क्षणी. तो मारत असताना तुम्ही हलकी उडी घेऊन दोन्ही पायांच्या चवड्यांवर उतरलेले असायला हवं, म्हणजे स्प्लिट स्टेप. आपल्या पातळीवर बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) मारलेला चेंडू तुमच्यापर्यंत यायला साधारण सव्वा ते दीड सेकंद लागतो. त्यातला पहिला अर्धा सेकंद उभं राहून बघण्यात गेला की उरलेल्यात दोनच मोठी पावलं बसतात, आणि मोठ्या पावलांनी अंतर नेमकं जुळत नाही. एका मोठ्या पावलानं चेंडूच्या जवळ जा आणि शेवटी तीन-चार बारीक पावलं टाका. सकाळच्या खेळाडूंना मी बुटांच्या आवाजावर लक्ष ठेवायला सांगतो. चेंडू टप्पा पडून तुमच्याकडे येत असताना बुटांचा चुरचुर आवाज येत नसेल तर तो फटका कडेला लागणार, हे बाहेर बाकावर बसूनसुद्धा सांगता येतं.

दुसरी गोष्ट, खांदे वळवणं. चेंडू नेट ओलांडायच्या सुमारास डावा हात रॅकेटच्या गळ्यावर असावा आणि दोन्ही खांदे एकत्र वळलेले असावेत. चेंडूचा टप्पा पडेपर्यंत रॅकेट मागे पोचलेली असावी. टप्पा पडल्यावर मागे न्यायला सुरुवात केली तर घाई होणारच, आणि घाईत रॅकेट मागे जाते ती वळसा घेऊन, मोठ्या वर्तुळात. मागे नेणं जितकं लांब तितकी चूक व्हायला जागा जास्त. हौशी खेळाडूला रॅकेट खांद्याच्या रेषेच्या फार मागे न्यायची गरजच नाही.

सरावासाठी मी सगळ्यांना एकच क्रम देतो आणि त्यातूनच दोष पाय की हात हेही कळतं. सर्व्हिस लाइनवर (नेट आणि बेसलाइन यांच्या मधल्या रेषेवर) उभे राहा आणि पार्टनरला समोरच्या सर्व्हिस लाइनवरून हळू चेंडू द्यायला सांगा. रॅकेट मागे न्यायचीच नाही. पुढच्या पायाच्या थोडी पुढे, कमरेच्या उंचीवर, जाळीचं तोंड नेटकडे करून धरा आणि चेंडू नुसता अडवा. रॅकेट हलत नाही, म्हणून चेंडू मध्यावर आणण्याचं सगळं काम पायांवर येतं. इथेही ठसे कडेला पडत असतील तर तुमच्या पायांचा किंवा नजरेचा प्रश्न आहे आणि फटका बदलून काही उपयोग नाही. इथे ठसे मधोमध पडले की रॅकेट वीतभर मागे न्या आणि तेवढाच ढकला. मग हातभर. मग पूर्ण. ज्या पायरीवर ठसे सरकायला लागतात, तिथे तुमचा दोष बसलेला आहे. त्या पायरीवर थांबा, एक पायरी खाली या आणि पुन्हा चढा. पूर्ण फटक्यावर आलात तरी काही आठवडे निम्म्याहून थोड्या जास्त जोरानंच मारा. बरेच जण इथे कंटाळतात. मॅचशिवाय आलेली सकाळ वाया गेली असं त्यांना वाटतं. पण मॅचमध्ये ही सवय मोडत नाही, कारण गुण हवा असतो तेव्हा शरीर जुनंच करतं.

नजरेबद्दल ‘चेंडूवर लक्ष ठेवा’ हे सगळे सांगतात. खरं म्हणजे जवळ आलेल्या वेगवान चेंडूचा शेवटचा टप्पा डोळ्याला सलग दिसतच नाही. उपयोग होतो तो डोकं स्थिर ठेवण्याचा. फेडररचे फोटो बघा: चेंडू निघून गेलेला असतो आणि त्याचं तोंड अजून फटक्याच्या जागेकडे असतं. डोकं वर उचललं की पाठोपाठ खांदा उचलला जातो, खांद्यापाठोपाठ रॅकेट, आणि चेंडू खालच्या कडेवर येतो. फटका कुठे गेला ते बघायची घाई सोडा, तो कुठे जातो ते थोड्या वेळानंही दिसतं. तोंडानं ‘टप्पा’ आणि ‘फटका’ असं म्हणत खेळून बघा, टप्पा पडताना एक शब्द आणि चेंडू लागताना दुसरा. ‘फटका’ हा शब्द उशिरा येतोय असं जाणवलं तर तुम्ही उशिरा मारताय.

वय ४२ आहे म्हणून एक विचारतो: चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल आहे का? अशा चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. कमरेखालचा चेंडू त्या भागातून बघितला की धूसर दिसतो आणि अंतर चुकतं. खेळायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. काही जणांचा फोरहँड निव्वळ एवढ्यानं सुधारलेला मी पाहिला आहे.

चेंडूही तपासा. नियमाप्रमाणे २५४ सेंटीमीटरवरून काँक्रीटवर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळायला हवा, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. डबा उघडून महिना झालेले चेंडू तेवढे उसळत नाहीत, आणि एकाच टोपलीत नवे-जुने मिसळले असतील तर प्रत्येक टप्पा वेगळा येतो. टायमिंगवर काम करताना चेंडू एकसारखे हवेत. पावसाळ्यात आपल्याकडे कोर्ट कसंबसं सुकवून खेळतात, तेव्हा चेंडूची लोकर पाणी पिते, चेंडू जड होतो आणि कडेला लागला तर कोपराला जास्त त्रास देतो. जून ते सप्टेंबर ओल्या चेंडूंनी सराव करू नका. आणि मुंबईला स्पर्धेला गेलात तर लक्षात ठेवा, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथली हवा थोडी विरळ असते. खाली चेंडू किंचित उशिरा येतो, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात आपले खेळाडू तिथे लवकर मारून बसतात.

सर्व्हिसलाही असंच होत असेल तर तिथे टॉसच (चेंडू वर कसा टाकता तो) बघायचा, दुसरं काही नाही. व्हॉलीला (टप्पा पडण्याआधीच्या फटक्याला) रॅकेट मागे नेणं बंद केलं की निम्मं काम झालं.

आता तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. रॅकेट बदलू नका. फिरणं फारच त्रास देत असेल तर घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी फ्रेमच्या आतल्या बाजूला दोन-दोन ग्रॅम शिशाची पट्टी लावून बघा. वजन अक्षापासून दूर गेल्यामुळे रॅकेट कमी फिरते. गटिंग जर पॉलिस्टरचं आणि वर्षभर जुनं असेल तर ते मात्र कापा. पॉलिस्टर कडक असतं आणि जुनं झालं की लवचिकपणा आणखी जातो. कोपर दुखत असताना मऊ मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांचं गटिंग) घ्या आणि ताण आहे त्यापेक्षा दोन-तीन पाउंड कमी ठेवा. जाळीत रबरी डॅम्पनर लावून कोपराला काही मिळत नाही, फक्त गटाची थरथर आणि आवाज कमी होतो. ग्रिपचं माप बघायचं तर रॅकेट धरल्यावर अनामिका आणि तळव्याच्या गादीमध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसायला हवं. बसत नसेल तर मूठ बारीक आहे, एक ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) चढवा.

कोपराकडे मात्र दुर्लक्ष करू नका. बाहेरच्या बाजूला दुखणं आणि चहाचा कप उचलताना कळ येणं ही टेनिस एल्बोची नेहमीची लक्षणं आहेत. दोन आठवडे फोरहँड पूर्ण जोरानं मारू नका, वरचा अडवण्याचा सराव दुखत नसेल तरच करा. तेवढ्यात कमी झालं नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि मनगटाचे व्यायाम त्यांच्याकडूनच शिकून घ्या. पट्टा बांधून किंवा गोळी घेऊन खेळत राहिलात तर दुखणं महिनोन् महिने रेंगाळतं.

ठसे कुठे पडले ते कळवा. खालच्या कडेला असतील तर चढ कमी करण्यापासून सुरुवात, नाहीतर अडवण्याच्या सरावापासून.